परत न आलेली चार बाळं

हैदराबादेत दिलसुखनगरच्या बाजारात, औषधाच्या दुकानात, मेट्रोच्या जिन्यावर, कुठेही तीन-चार वर्षांचं मूल पाठमोरं दिसलं की माझ्या हातातल्या चाव्या खाली पडतात. पडतात कसल्या, मी पाडते. मूल दचकून वळतं, आई माझ्याकडे बघते, कुणीतरी भला माणूस 'अम्मा, संभालके' म्हणत चाव्या उचलून देतो आणि मी 'वय झालं हो' म्हणून वेळ मारून नेते. वय झालंय खरं, पण हात अजून थरथरत नाहीत माझे. मुठीएवढ्या बाळांच्या शिरेत सुई घालण्यात या हातांचा जन्म गेलाय. मूल वळलं की माझा जीव भांड्यात पडतो आणि मी भाजी घ्यायला पुढे जाते.

हे खूळ मला लागलं ते एका लेखापायी. लेख मी लिहिलेला नव्हता. मी फक्त त्याला हो म्हटलं होतं.

आम्हा डॉक्टरांच्यात रिव्ह्यू नावाचा एक प्रकार असतो. कुणी अभ्यास करून लेख लिहिला की जर्नल तो तसाच छापत नाही. त्याच विषयातल्या दोघातिघांकडे आधी वाचायला पाठवतं. त्यांनी चुका काढायच्या, शंका विचारायच्या आणि समाधान झालं तर छापा म्हणायचं. परीक्षक कोण ते लेखकाला कळत नाही, लेखक कोण ते परीक्षकाला कळत नाही, दोन्हीकडची नावं झाकलेली. या कामाचं कुणी काही देत नाही. माझा नवरा जन्मभर वकिली केलेला माणूस, त्याला हे कधी पटलंच नाही. 'लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस,' तो म्हणायचा. माझं उत्तर ठरलेलं असे, 'कुणीतरी भाजल्याशिवाय लष्कर जेवणार काय, तुझं कपाळ?'

आणि ते मी मनापासून म्हणत होते. एकदा एका लेखात दशांश चिन्ह एक घर सरकलेलं मी धरलं. एवढासा ठिपका, पण तो तसाच छापला गेला असता तर कुठल्याशा तालुक्याच्या दवाखान्यात एखाद्या नर्सने तो बघून दहापट औषध सिरिंजमध्ये भरलं असतं. त्या दिवशी मी घरभर मिरवत होते. कोण वाचलं ते मला कधीच कळणार नव्हतं, पण कुणीतरी वाचलं होतं, आणि तेवढ्यावर मी वर्षभर खूश होते.

या कामातली गोम अशी की तुम्हाला मूल दिसत नाही, तक्ता दिसतो. वॉर्डात मी बाळाच्या अंगाचा रंग बघून, त्याचं रडणं ऐकून, आईच्या चेहऱ्यावरून निम्मं ओळखायची. लेखात रडणं नसतं. समोरच्याने खरं लिहिलंय असं धरूनच पुढे जावं लागतं, आणि खोटं लिहिणाऱ्याचे आकडे पुष्कळदा खऱ्यापेक्षा नीटनेटके असतात.

तो लेख आला तेव्हा मी नुकती निवृत्त होऊन हिमायतनगरच्या घरी बसले होते. विषय माझाच होता. नवजात बाळाच्या रक्तात जंतू पसरले की द्यायचं एक जुनं इंजेक्शन. ते स्वस्त आहे, कामही करतं, पण मूत्रपिंडाला आणि कानाला अपाय करू शकतं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून घोकून घेतलेलं. लेखकांचं म्हणणं असं, की हेच औषध डोस वाढवून कमी दिवस दिलं तर बाळ लवकर घरी जातं आणि कानाला काही होत नाही. तीन महिन्यांनी बाळांचे कान तपासले होते, आणि तपासलेल्या एकूण एक बाळाचे कान उत्तम होते. फक्त चार बाळं तपासणीला परत आली नव्हती.

मी पेन्सिलीने त्या चाराभोवती गोल काढला. कानाचा प्रश्न असतो तिथे जे परत आले नाहीत त्यांचीच चौकशी आधी करायची असते. सगळं ठीक निघालेल्यांनी तक्ता भरतो, आणि अडलेली चार कुठे असतात ते त्या तक्त्याच्या बाहेर बघावं लागतं. हे मला ज्यांनी शिकवलं, तो लेख त्यांच्याच विभागातून आला होता.

नावं झाकलेली होती, हौ. पण तक्त्यात मुलींची संख्या वर होती आणि मुलग्यांची खाली. सारी दुनिया उलट लिहिते. आमचे सर, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, ते मात्र हट्टाने मुली आधी लिहायला लावायचे. 'आपल्या वॉर्डात तरी त्यांचा पहिला नंबर लागू दे,' म्हणायचे. ते निवृत्त झाल्यावरही जुन्या विभागातली मंडळी त्यांना दाखवल्याशिवाय लेख पाठवत नसत, आणि लेखकांच्या यादीत शेवटचं नाव त्यांचं असे. तो तक्ता बघितला आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसले, सर खोलीत आल्यासारखी.

त्यांचं माझ्यावर ऋण होतं, आणि ते फेडता येण्यातलं नव्हतं. माझी एम.डी.ची परीक्षा चालू असताना परभणीला माझे वडील गेले. सरांनी मला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून सिकंदराबाद स्टेशनवर नेलं, गाडीत जागा मिळवून दिली आणि समोरच्या बाकावरच्या अनोळखी बाईंना सांगितलं, 'माझी मुलगी आहे, जरा लक्ष ठेवा.' चुकलेला पेपर परत देता यावा म्हणून ते नंतर कुणाकुणाच्या दारात उभे राहिले, ते मला दुसऱ्यांकडून कळलं. अशा माणसाच्या लेखावर काट मारायची माझी छाती नव्हती.

नियम असा आहे की ओळख पटली तर संपादकाला कळवायचं आणि बाजूला व्हायचं. तो नियम मला पाठ होता. नव्या परीक्षकांना तो मीच शिकवायची. मी कळवलं नाही. मनाशी म्हटलं, मी काही त्यांना सूट देणार नाहीये, मग बाजूला कशाला व्हायचं?

मग मी शंका लिहायला बसले. आधी लिहिलं, ही चार बाळं कुठली, त्यांच्याशी संपर्क कुणी केला, किती वेळा केला, त्याच्या नोंदी दाखवा. वाचून बघितलं तर फार उद्धट वाटलं. ते पुसलं आणि लिहिलं, या चार बाळांबाबत लेखकांनी कृपया खुलासा केल्यास बरे होईल. काही दिवसांत उत्तर आलं. कुटुंबं कामधंद्यासाठी परगावी गेली, शोध लागला नाही. एवढंच, एक ओळ. रविवार होता, घरात खिचडी-खट्टा झाला होता, पाहुणे यायचे होते आणि नवरा स्वयंपाकघरातून विचारत होता, पापड तळू का? मी 'छापण्यास हरकत नाही' यावर खूण केली आणि तळ म्हणून ओरडून सांगितलं.

भीड ही भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची. माझ्या भिडेने मी भिकेला लागले नाही, दुसऱ्यांची लेकरं लागली. याचा मला स्वतःचा अजून संताप येतो.

लेख छापून आला. दिलसुखनगरच्या एका छोट्या दवाखान्यात मी आठवड्यातून दोन सकाळी बसते, तिथली तरुण डॉक्टर एकदा मला म्हणाली, 'मॅडम, आता आमच्याकडे हाच डोस देतात, बाळ लवकर घरी जातं.' मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला आतून बरं वाटलं होतं.

त्याच दवाखान्यात ती बाई आली. उदगीर, देगलूर, नांदेडकडची माणसं औषधपाण्याला हैदराबादलाच येतात. तेलुगूत आणि दखनीत गोंधळून गेली की कुणीतरी त्यांना सांगतं, तिथं एक मराठी बोलणारी म्हातारी डॉक्टरीण बसते. तशीच ही उदगीरकडची, पंचविशीची असेल, बरोबर चौथं वर्ष सरत आलेली मुलगी.

'बोलत न्हाई, बाई,' ती म्हणाली. 'सासू म्हनती उशिरा बोलंल. आता अजून किती उशीर?'

मुलगी आमच्याकडे पाठ करून खिडकीच्या कडीशी खेळत होती. मी तिच्या मागे जाऊन टाळी वाजवली. मग स्टीलचा ट्रे टेबलावर आपटला. आई दचकली, बाहेरची नर्स धावत आली. मुलगी कडी खालीवर करत राहिली.

आईने प्लास्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली आणि तिच्यातून कागद. जन्माच्या वेळचं कार्ड सरांच्या विभागातलं होतं. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. अभ्यासात घेतलेलं बाळ, असा गोल शिक्का मारलेला. खाली इंजेक्शनचं नाव, डोस, दिवस. तो डोस मला तोंडपाठ होता.

'घरी सोडल्यावर तीन महिन्यांनी कान तपासायला बोलावलं होतं का?' मी विचारलं.

'व्हय. आलतो की,' ती म्हणाली. 'पैल्यांदा मशीन बंद व्हती. आठ दिसानं या म्हनून चिठ्ठी दिली. आठ दिसानं आलो, तवा तपासलं. ही झोपूनच व्हती. चिठ्ठी दिली आन जावा म्हनले.'

'चिठ्ठी देताना काय सांगितलं?'

'काय न्हाई सांगितलं. आमाला वाटलं, काय सांगितलं न्हाई म्हंजे चांगलंच हाय.'

चिठ्ठ्या दोन्ही तिने जपून ठेवल्या होत्या. दोन्हींवर तारखेचे शिक्के होते. दुसरीवर निळ्या शाईत लिहिलेलं, दोन्ही कान, रेफर. कानाच्या तपासणीत रेफर म्हणजे नापास, पुढच्या तपासणीला पाठवा. हे त्या बाईला कुणी मराठीत सांगितलं नव्हतं, तेलुगूत नव्हतं, कुठल्याच भाषेत नव्हतं.

हिशेब सरळ होता. लेखात तपासलेल्या सगळ्या बाळांचे कान चांगले होते. ही त्या अभ्यासातली, तपासलेली आणि नापास झालेली. म्हणजे लेखात हिला एकच जागा उरत होती, परत न आलेल्या चारांत. औषधानेच तिचे कान गेले असं मी शपथेवर सांगणार नाही. जंतुसंसर्गानेही जातात, दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांचे तसेही जातात. पण हे ठरवायला तरी ती मोजणीत असायला हवी होती की नको? तिला मोजणीतून काढून टाकलं होतं, आणि ते मला पेन्सिल हातात असताना दिसलं होतं.

मी तिला पुढच्या तपासणीची चिठ्ठी दिली, कुठे जायचं ते नीट समजावलं आणि तिच्या कागदांचे फोटो फोनमध्ये काढून घेतले. दुसऱ्या दिवशी घराजवळच्या नारायणगुड्याहून मेट्रोने सिकंदराबादला सरांकडे गेले. सर आता ऐंशीच्या पुढचे. त्यांनी स्वतः चहा केला, कप माझ्यासमोर ठेवला. मी फोन त्यांच्या हातात दिला. चष्मा वर-खाली करून त्यांनी चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली.

'तू विचारलं होतंस,' ते म्हणाले.

परीक्षक मी होते हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

'कृपया खुलासा केल्यास बरे होईल. असं मिळमिळीत तूच लिहितेस, दुसरं कोण?' ते हसले नाहीत. 'विभागातल्या पोरांनी तक्ता आणला तेव्हा मलाही ते चार खटकले होते. मी म्हटलं, जाऊ दे, परीक्षक धरतीलच. मग तुझा प्रश्न आला. वाटलं, आता ही सोडणार नाही. पोरांनी एक ओळ लिहिली आणि तू सोडलंस. तू सोडलंस म्हटल्यावर मीही मनातून काढून टाकलं.'

म्हणजे मी त्यांच्या भरवशावर आणि ते माझ्या. इतकी वर्षं आम्ही दोघं विद्यार्थ्यांना सांगत आलो की एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याच्या नजरेत यावं म्हणून ही सगळी व्यवस्था आहे. मला रडूही आलं नाही. चहावर साय धरली.

'मला संपादकांना लिहावं लागेल, सर,' मी म्हटलं.

'लिहावंच लागेल.' त्यांनी फोन मला परत दिला. 'एक विचारू? माझे आता फार दिवस राहिलेले नाहीत, तुला माझे रिपोर्ट माहीत आहेत. तोवर थांबशील?'

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, 'बरं, सर.'

परतीच्या गाडीत मला त्यांचा राग आला, मग त्यांचा राग आल्याची लाज वाटली, मग दोन्ही. मी थांबले. एक आठवडा, दोन, तीन. कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसलेय आणि ते मरण माझ्या गुरूंचं आहे, हे कळत असून मी थांबले. त्या दिवसांत मी जेवताना, पूजा करताना, फोनवर बोलताना एकच विचार करत असे, की आत्ता या घटकेला कुठेतरी एखाद्या बाळाला तो डोस चढतोय. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, 'पुरावा हातात ठेवून मूग गिळून बसणाऱ्याला आमच्या कोर्टात काय म्हणतात ते सांगू?' मी म्हटलं, नको सांगूस.

चौथ्या आठवड्यात ती बाई परत आली. पुढची तपासणी झाली होती. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. कानाला लावायचं मशीन मिळणार होतं, पण ही खूप आधी यायला हवी होती असं तिला तिथे सांगितलं होतं. तिने ते मला सांगितलं तसं मी खाली बघितलं. मग म्हटलं, 'तुमच्या त्या दोन चिठ्ठ्या मला कुठेतरी पाठवायच्या आहेत. तुमची परवानगी हवी.'

'कशाला?'

'तुमची मुलगी ज्या अभ्यासात होती त्यावर एक लेख छापून आलाय.'

'काय लिवलंय तिच्याबद्दल?'

'चार बाळं परत आलीच नाहीत, असं लिहिलंय. त्यातली एक ही.'

'पन आमी आलतो की,' ती म्हणाली. 'कोन लिवलं आसं?'

'मोठ्या डॉक्टरांनी. छापायच्या आधी ते माझ्याकडे तपासायला आलं होतं. मला शंका आली होती, पण मी नीट विचारलं नाही. चालेल म्हणून सोडून दिलं.'

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीचा फ्रॉक मागून सारखा केला, चिठ्ठ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, 'बाकीची तीन लेकरं कुठं हायत?'

'ठाऊक नाही,' मी म्हटलं.

'नावं तरी ठाऊक आसतील की तुमाला.'

'नाही. आमच्यापर्यंत नावं येतच नाहीत.'

'मग त्यांच्या आयांना कसं कळंल?' ती म्हणाली. 'त्या बी वाट बघत आसतील उशिरा बोलंल म्हनून.'

त्याच दुपारी मी संपादकांना पत्र लिहिलं. परीक्षक मी होते, लेखक कोण ते मी ओळखलं होतं आणि ते लपवलं, हे आधी लिहिलं. मग चिठ्ठ्या जोडल्या. यावेळी एकही वाक्य पुसलं नाही. मग सरांना फोन केला.

'सर, मी लिहिलं. थांबले नाही.'

'तुझं नाव घातलंस?'

'घातलं. तुम्हाला खटकलं होतं हेही घातलं.'

'बरं,' ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही. ते आहेत, चालतात-फिरतात, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांकडून कळतं.

जर्नलने लेखाच्या वर एक इशारा छापलाय, की यातल्या निष्कर्षांची चौकशी चालू आहे. आमच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने तो डोस देणं बंद केलं. बाकी तिघांची नावं मिळावीत म्हणून मी विभागाला तीन पत्रं पाठवली. जुन्या नोंदवह्या शोधतोय, असं उत्तर येतं.

उदगीरकडून दर महिन्याला तिचा फोन येतो. मुलगी मशीन लावू देत नाही, ओढून काढते, असं सांगते, त्यावर मी चार गोष्टी सुचवते. मग ती विचारते, 'सापडली का ती लेकरं?' मी म्हणते, अजून नाही. त्यावर ती फोन ठेवत नाही. मीही फोन तसाच धरून बसते.